फिलिंग जागेवर, दातच खाली गेला: लिंबूपाणी-सोडावाल्यांसाठी दातांच्या रंगाचं फिलिंग टिकवायची रीत

माझ्या वरच्या उजव्या सुळ्यामागच्या दाताला हिरडीजवळ एक छोटं फिलिंग आहे, दाताच्याच रंगाचं, आणि ते पावणेदोन वर्षांत दोनदा निघालं. पहिल्यांदा निघालं तेव्हा मी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली, दुसऱ्यांदा निघालं तेव्हा क्लिनिकच बदललं, आणि तिसऱ्यांदा भरायची वेळ आली तेव्हा मुकाट मावसबहिणीकडे गेलो, ताई कोथरूडला डेंटिस्ट आहे. तिनं आरसा घालून बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "दिवसभर काय पितोस रे?"

चहा आणि पाणी, म्हटलं.

"आणि त्या बाटलीत?"

बाटलीत लिंबूपाणी. हिंजवडीच्या ऑफिसात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, लिटरभर, घोट घोट, आणि साखर नाही म्हणून मी स्वतःवर खूश. ताई म्हणाली, "फिलिंग चांगलंच भरलं होतं दोघांनी, तू बाजूचा दात विरघळवत होतास." त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसलाय. तिच्याकडून जे जे समजलं आणि मी स्वतः वर्षभर जे पाळलं ते इथे क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही, दात ठणकत असेल तर हे वाचत बसू नका, आधी दाखवून या.

आधी मामला काय आहे ते

दातांच्या रंगाचं जे फिलिंग असतं त्याला कंपोझिट म्हणतात. ते म्हणजे रेझिन, साध्या भाषेत घट्ट होणारं प्लॅस्टिक, आणि त्यात कालवलेली काचेची अगदी बारीक पूड. आपल्या रस्त्यांसारखं समजा, काचेची पूड म्हणजे खडी आणि रेझिन म्हणजे डांबर. कोल्ड्रिंकमधलं किंवा लिंबातलं आम्ल या मिश्रणाला लगेच काही करत नाही, ते विरघळत वगैरे नाही. खूप दिवस सतत मारा झाला तर वरचा पातळ थर जरा मऊ पडतो, मग ब्रशनं खडी उचकटते, चकाकी जाते, आणि त्या खरखरीत भागावर चहा-हळदीचे डाग बसायला लागतात. एवढंच.

इनॅमलचं तसं नाही. इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, जवळजवळ सगळं खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, आणि तोंडातलं पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेलं की ते सुटायला लागतं. त्याच्या आतलं डेंटिन आणि हिरडी खाली सरकल्यावर उघडी पडलेली मुळाची बाजू त्याहून नाजूक, तिथे ६ च्या पुढेमागेच सुरुवात होते. म्हणजे आंबट पिणाऱ्याच्या तोंडात फिलिंग जसंच्या तसं आणि भोवतीचा दात हळूहळू खाली, असं होतं. कर्वे रोडवर खड्डा बुजवला की पॅच उंच राहतो आणि पॅचच्या कडेनं नवा खड्डा पडतो, अगदी तेच. डेंटिस्ट लोक फिलिंग असं उंचवट्यासारखं उभं राहिलेलं बघूनच ओळखतात की या माणसाचा आंबटाशी काहीतरी संबंध आहे.

मग बाँडिंगचं, म्हणजे फिलिंगच्या दातावरच्या पकडीचं काय, ते सुटतं का? इथे एक गंमत आहे. हे फिलिंग दाताला चिकटतं तेच मुळात आम्लामुळे. १९५५ मध्ये बुओनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं दाखवून दिलं की फॉस्फोरिक आम्ल लावून इनॅमल खरखरीत केलं तर रेझिन त्याला घट्ट धरतं, आणि ही कल्पना त्याला सुचली ती कारखान्यात धातूला रंग लावण्याआधी हेच आम्ल फासतात त्यावरून. आजही क्लिनिकमध्ये बऱ्याचदा निळं जेल लावतात ना, ते साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लच असतं, पंधरा ते तीस सेकंद ठेवतात आणि धुऊन टाकतात. त्यानं इनॅमलमध्ये बारीक बारीक भोकं पडतात, त्यात पातळ रेझिन शिरतं आणि निळ्या लाईटनं तिथेच घट्ट होतं. इनॅमलवरची ही पकड खरंच जबरदस्त असते, रोजच्या कोल्ड्रिंकला ती सहजी दाद देत नाही कारण रेझिन आत शिरून बसलेलं असतं आणि बाहेर उघडी राहते ती फक्त केसाहून बारीक अशी एक कड.

डेंटिनवर मात्र पकड कमजोर. तिथे पाणी जास्त, तंतू जास्त, आणि वर्षानुवर्षं त्या पाण्यानं आणि डेंटिनमधल्याच एन्झाइम्सनी तो जोड आतून कुजत जातो. म्हणून दाढेच्या वरच्या खळग्यातलं फिलिंग दहा-दहा वर्षं टिकतं आणि माझ्यासारखं हिरडीजवळचं दोनदा निघतं. एक कड इनॅमलवर आणि एक मुळावर असते ना, मुळावरची आधी सुटते.

पायरी १: तुमच्या तोंडात नक्की काय भरलंय ते विचारा

बहुतेकांना हे माहीतच नसतं, "पांढरं सिमेंट भरलंय" एवढंच सांगतात. पांढऱ्यात मुख्य दोन प्रकार, एक कंपोझिट आणि दुसरं जीआयसी म्हणजे ग्लास आयोनोमर. जीआयसी दाताला स्वतःहून रासायनिकरीत्या चिकटतं, फ्लोराईडही सोडतं, लहान मुलांच्या दातांत आणि हिरडीजवळ खूप वापरतात, पण आम्लात ते स्वतःच झिजतं. कंपोझिट आम्लात बरंच जास्त टिकतं पण भरताना दात कोरडा राहिला नाही तर त्याची पकडच बसत नाही. म्हणजे तुम्ही रोज आंबट पिणारे असाल आणि फिलिंग जीआयसीचं असेल तर ते वरून खचलेलं दिसण्याची शक्यता जास्त. क्लिनिकला फोन करून फाईल बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. विचारताना हेही विचारा की फिलिंगची कड इनॅमलवर आहे की मुळावर, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

पायरी २: दोन दिवस मोजा, पण ग्लास नाही, वेळा

ही पायरी लोक टाळतात आणि मला विचाराल तर खरी हीच. एका कागदावर किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पाण्याशिवाय जे काही तोंडात गेलं त्याची वेळ लिहा. किती प्यायलो ते लिहू नका, कितीदा तोंडाला लावलं ते लिहा. कारण एक घोट आंबट गेला की लाळेला तोंड परत ठीकठाक करायला वीस मिनिटं-अर्धा तास लागू शकतो, आणि तेवढ्यात दुसरा घोट आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. माझ्या यादीत पहिल्या दिवशी एकतीस नोंदी निघाल्या, एकतीस, आणि त्यातल्या बावीस त्या बाटलीच्या. लिंबूपाण्याचा एकच मोठा ग्लास जेवताना संपवला असता तर हीच गोष्ट एका नोंदीत बसली असती.

पायरी ३: आपल्याकडची पेयं ओळखा

पीएचचा एक आकडा खाली म्हणजे आम्ल दहापट, हे शाळेतलं गणित लक्षात ठेवा, त्यामुळे ५.५ आणि २.५ मध्ये फरक तिप्पट नाही, हजारपट आहे. कोला साधारण २.५. लिंबाचा नुसता रस २ ते २.५, पाणी घालून सरबत केलं तरी फार वर जात नाही. संत्र्याचा ज्यूस साडेतीन-चारच्या आसपास. डाएट किंवा शुगर फ्री कोल्ड्रिंकमध्ये साखर नाही म्हणून कीड कमी, पण आम्ल आहेच, झीज व्हायची ती होतेच.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका मात्र. ताक घ्या. पीएच बघितलं तर साडेचारच्या आतबाहेर, म्हणजे कागदावर गुन्हेगार, पण ताकात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं खनिज बाहेर खेचायला त्याला जागाच उरत नाही. सिंहगडावर चढून गेल्यावर मडक्यातलं दही आणि ताक बिनघोर घ्या. लिंबाचं उलटं, त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला पकडून धरतं त्यामुळे आकडा दाखवतो त्याहून ते जास्त त्रासदायक. कोकम सरबत, कैरीचं पन्हं, चिंचेचं पाणी, काला खट्टा गोळा हे सगळं आंबट गटातच. साधा सोडा, म्हणजे नुसता गॅसचा, त्यामानानं सौम्य, पण कोपऱ्यावरच्या गाडीवर त्यात लिंबू पिळलं की संपलं. उसाचा रस स्वतः फारसा आंबट नाही, साखर प्रचंड, आणि आपण रसवंतीत बसलो की "लिंबू-आलं टाका" म्हणतोच. अमृततुल्य चहा आम्लाच्या बाबतीत निर्दोष आहे, डाग पाडतो आणि साखर असते हे वेगळे गुन्हे.

सकाळचं कोमट पाणी-लिंबू-मध आणि ॲपल सायडर व्हिनेगर यांच्यावर माझा खास राग आहे. रात्रभर लाळ कमी असते, तोंड कोरडं, त्यात आंबट, ते पण कोमट (गरम असलं की आम्लाचं काम वेगात होतं), आणि वर लगेच ब्रश. पर्वती चढणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांचं हे चालू आहे.

आंबट खाल्ल्यावर आपण "दात आंबले" म्हणतो ना, जीभ फिरवली की खरखर लागते. दातावर लाळेचा जो गुळगुळीत थर असतो तो बऱ्याच अंशी निघून गेल्याची ती खूण असते. ते जाणवलं की ब्रशला हात लावायचा नाही, हे पुढे येईलच.

पायरी ४: नवं फिलिंग करताना खुर्चीत बसून काय बघायचं

आम्लाला तोंड देणारं फिलिंग त्या अर्ध्या तासात ठरतं, नंतर आपण फक्त सांभाळतो. डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका, पण हे एवढं प्रेमानं विचारता येतं.

दात कोरडा कसा ठेवणार? रबर डॅम म्हणजे दातावर रबराचा पडदा लावतात तो उत्तम, नाहीतर कापूस आणि सक्शन नीट हवं. लाळेचा किंवा हिरडीच्या रक्ताचा थेंब जरी बाँडिंगच्या वेळी लागला तरी ती कड पुढे गळते. म्हणून हिरडी सुजलेली असेल, ब्रश करताना रक्त येत असेल, तर आधी क्लिनिंग करून घ्या, आठवडा-दोन आठवडे हिरडी शांत होऊ द्या आणि मग फिलिंग. माझ्या पहिल्या फिलिंगच्या वेळी हिरडीतून रक्त येत होतं आणि मीच घाई केली होती, परवा गावाला जायचंय म्हणून.

थर देताहेत का? साधं कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर लाईटनं घट्ट करतात, कारण घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसतं आणि एकदम भरलं तर आकसताना कडेला ओढ बसते. बल्क फिल नावाचा प्रकार चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येतो, तेव्हा कमी थर दिसले म्हणून लगेच शंका घेऊ नका. लाईटचं टोक दाताजवळ आणि सरळ धरलेलं असावं.

शेवटी पॉलिश. हे खूप जण उरकतात आणि आपणही "झालं ना डॉक्टर" म्हणत उठतो. गुळगुळीत फिलिंगवर डाग आणि जंतू कमी चिकटतात, कड दाताशी सपाट जुळते. कार्बन पेपर चावायला देतात तेव्हाही खरं सांगा, उंच वाटत असेल तर उंचच सांगा, बधिर आहे म्हणून "ठीक आहे" म्हणू नका, दुसऱ्या दिवशी परत जाऊन घासून घ्या. उंच फिलिंगवर रोज दाब येतो आणि दाबानंही कड उचकटते.

आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते फिलिंगच्या आधी, फिलिंगचा रंग ब्लीचनं बदलत नाही. ब्लीच झाल्यावर एक-दोन आठवडे थांबून मग भरा कारण ताज्या ब्लीच केलेल्या दातावर पकड नीट बसत नाही.

पायरी ५: पहिले एक-दोन दिवस

लाईटनं फिलिंग तिथेच कडक होतं, बधिरपणा उतरला की जेवायला हरकत नाही, पण आतलं घट्ट होणं पुढे जवळजवळ दिवसभर चालू राहतं. तेवढ्यात हळदीचा रस्सा, मिसळीची तर्री, कोकम आणि कडक चहा टाळा. गार पाण्यानं दोन-चार दिवस शिवशिव होऊ शकते, वाढत गेली किंवा रात्री ठणका लागला तर फोन करा.

पायरी ६: रोजची सवय

लिंबूपाणी सोडा असं मी सांगणार नाही, पुण्याच्या एप्रिलमध्ये ते जमणार पण नाही. पद्धत बदला.

जेवणाबरोबर प्या, जेवताना लाळ भरपूर सुटते. एका बैठकीत संपवा, पाच-दहा मिनिटांत, तोंडात घोळवत बसू नका. स्ट्रॉ वापरणार असाल तर ती जिभेच्या मागच्या बाजूला न्या, पुढच्या दातांसमोर धरून ओढलं तर उलट नेम धरून मारल्यासारखं होतं. थंड प्या. नंतर साध्या पाण्याची एक जोरकस चूळ, ऑफिसात बेसिनपर्यंत जायचा कंटाळा असेल तर दोन घोट पाणी तोंडात फिरवून गिळून टाका. घरी असाल तर घोटभर दूध किंवा चीजचा तुकडा अजून चांगला.

ब्रश मात्र अर्धा ते एक तास नाही, कारण आम्लानं मऊ पडलेला थर ब्रशनं निघून जातो. सकाळी लिंबू-मध घेतल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्यांनी आधी ब्रश करा, मग लिंबू, मग पाण्याची चूळ. ब्रश सॉफ्ट, पेस्ट फ्लोराईडची, रात्री ब्रश झाल्यावर थुंका पण खळाखळा चूळ भरू नका, थोडं फ्लोराईड राहू द्या. कोळशाची पावडर, मिश्री, मीठ-लिंबू चोळणं हे सगळं बंद. आमच्या आजीची मिश्री सुटता सुटत नव्हती, तिच्या दातांच्या मुळाशी बोटाचं नख बसेल अशा खाचा आहेत, आणि खाचेत भरलेलं फिलिंग मधोमध बेटासारखं उभं.

तुमच्या डॉक्टरांकडे फ्लोराईड जेल लावून घेत असाल तर एक गोष्ट आठवणीनं सांगा, "माझी कंपोझिट फिलिंग्ज आहेत." आम्लयुक्त जेल मिळतं, एपीएफ म्हणतात, त्यानं फिलिंगमधली काचेची पूड खरखरीत होते, पोर्सेलीनची कॅप पण. न्यूट्रल जेल किंवा वार्निश लावून घेता येतं.

पायरी ७: महिन्यातून एकदा कडा तपासा

खिडकीजवळ आरसा, मोबाईलचा टॉर्च, थोडा कापूस आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा. दात कापसानं पुसून कोरडा करा, ओल्या दातावर काही दिसत नाही. मग बघा:

फिलिंगच्या कडेनं बारीक तपकिरी रेघ आहे का? नुसती रेघ म्हणजे बऱ्याचदा वरचा डाग, पॉलिशनं जातो, लगेच घाबरू नका. रेघेबाजूचा दात खडूसारखा पांढरट, निस्तेज किंवा आतून करडा दिसतोय का? हा डाग नव्हे, दाखवा. जिभेला किंवा नखाला पायरी लागते का, आणि कुठल्या दिशेला? फिलिंग उंच आणि दात खाली असेल तर आंबटाचा संशय घ्या. दात उंच आणि फिलिंग खाली असेल तर फिलिंग झिजलंय किंवा ते जीआयसी आहे. दातांच्या फटीत फ्लॉस दर वेळी एकाच जागी अडकून तुटतो का? तिथे कड उघडी असू शकते, दाखवून घ्या, बऱ्याचदा एक्स-रेच काढावा लागतो.

एक फोटो काढून ठेवा, दर वेळी त्याच खिडकीत. चार महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की मनाचे खेळ कुठले आणि खरा फरक कुठला ते दिसतं.

पायरी ८: कड सुटलेली दिसली तर

सगळं काढून नवीन भरायची गरज दर वेळी नसते, हे बऱ्याच पेशंटना कोणी सांगत नाही. फिलिंग बाकी घट्ट असेल तर नुसतं पॉलिश, किंवा सुटलेली कड थोडी खरवडून तिथेच नवं कंपोझिट जोडणं, असं करता येतं. प्रत्येक वेळी पूर्ण काढताना थोडा चांगला दातही जातो, आणि भोक मोठं होत होत शेवटी कॅपपर्यंत गोष्ट जाते. म्हणून विचारा, "रिपेअर होईल का?" आत कीड असेल तर मात्र हट्ट करू नका.

आणि आंबट पीतच नसाल तर

काही लोक म्हणतात मी कोल्ड्रिंक तोंडाला लावत नाही तरी फिलिंग उंच उभं राहिलंय. अशा वेळी पोटाकडे बघा. रात्री पित्त वर येणं, झोपेतून आंबट ढेकर येऊन जाग येणं, गरोदरपणातल्या उलट्या, यातलं आम्ल कोल्ड्रिंकइतकंच किंवा जास्तच कडक असतं आणि ते बहुतेक वरच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला काम करतं, जिथे आपण आरशात कधी बघत नाही. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरा. बीपीच्या, ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ नाही म्हणजे राखण करणारंच कोणी नाही, मग थोडंसं आंबटही महाग पडतं. ही औषधं मनानं बंद करू नका, डेंटिस्टला यादी दाखवा. चघळायच्या क व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज खात असाल तर त्याही पायरी दोनच्या यादीत लिहा, मी लिहायला विसरलो होतो, ताईनं पिशवीतून डबी काढून दाखवली.

माझं तिसरं फिलिंग आता चौदा महिन्यांचं आहे. बाटलीत साधं पाणी असतं. मागच्या महिन्यात कडेला हलकी रेघ दिसली म्हणून गेलो तर ताईनं दोन मिनिटं पॉलिश केलं, आणि खुर्चीतून उठताना म्हणाली, "पुढच्या वेळी मावशीला घेऊन ये, तिची ती सोलकढी रोज वाटीभर चालू आहे का अजून?"